जळक्या स्विचची कैफियत

पवनेच्या काठच्या गावांतून गुलाबाची खोकी आणि तांदळाची पोती घेऊन रात्रीच्या वेळी घाटाकडे निघणारी पिकअप गाडी आता मावळातल्या कुटुंबात, एके काळी बैलजोडीला जे स्थान होते, त्या स्थानी येऊन बसली आहे. आणि बैल लंगडू लागला म्हणजे त्याच्यावर घरीच औषधोपचार करावा की तो बाजारात नेऊन दुसरा आणावा, याचा खल जसा ओसरीवर वडीलधाऱ्यांत चाले, तसाच या गाडीचा एखादा बिघडलेला भाग दुरुस्त करावा की काढून टाकून नवा बसवावा, याचा खल कामशेतच्या गॅरेजांत चालतो. गेल्या आषाढात असा एक वाद माझ्याच गाडीवरून झाला. ज्या भागावरून तो झाला तो वितीएवढाही नसेल. स्टिअरिंगच्या चाकाखाली, दांड्यावर, प्लॅस्टिकच्या आवरणाआड तो बसलेला असतो, आणि हेडलाईट, डिपर, इंडिकेटर या साऱ्यांची सूत्रे त्याच्या हाती असल्यामुळे त्याला कॉम्बिनेशन स्विच असे म्हणतात.

आधी प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या वाडीतला एक तरुण गाडी चालवीत होता आणि मी शेजारी बसलो होतो. मागे दादरच्या फूलबाजारासाठी भरलेली गुलाबाची खोकी होती. खंडाळा मागे पडल्यावर धुके इतके दाट झाले की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरू लागलो तोच केबिनमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास सुटला, दिवे एकदा लुकलुकले, आणि एका वळणाच्या तोंडाशी दोन्ही हेडलाईट एकाच वेळी विझले. त्या क्षणी चालकाने काय केले असेल तर पुढच्या गाडीला इशारा देण्यासाठी जी दांडी आपण क्षणभर ओढतो, ती ओढली. आणि आश्चर्य असे की दिवे लागले. सोडली की अंधार, ओढली की उजेड. एका हाताने चाक, दुसऱ्याने गियर, मग दांडी कोणी धरावयाची? ती मी धरली. आसनावरून अर्धा कलून, खोपोलीची वस्ती येईपर्यंत मी ती दांडी ओढून धरून बसलो होतो. समोरून वाहन आले की प्रखर झोत त्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून ती क्षणभर सोडावी लागे, आणि तो क्षणभराचा अंधार किती लांब असतो हे ज्याने घाटात अनुभवले असेल त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी गाडी कामशेतला आणली. ज्या गॅरेजात माझे काम होते तेथे काका आणि पुतण्या असे दोघे कारागीर आहेत. काकांचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. परंतु मोटारीच्या वायरिंगच्या कामात त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. पुतण्या आयटीआय झालेला, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे नोकरी करून आलेला, आणि मल्टिमीटरवाचून कोणत्याही तारेला हात न लावणारा. दोघांचा मूळपुरुष एकच: काकांचे वडील, म्हणजे पुतण्याचे आजोबा, रेल्वेत लोणावळ्याला फिटर होते, आणि वादात अडचण आली की दोघेही त्यांचीच साक्ष काढतात.

पुतण्याने बॅटरीची निगेटिव्ह तार दहाच्या पान्याने सोडविली, मग हॉर्नचे पॅड काढले. चाकाचा मधला नट सैल केला, परंतु तो पुरता काढला नाही. दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवला, कारण चाक दांड्यावर घट्ट बसलेले असते, आणि पुलर लावल्यावर ते एकदम सुटले तर थेट तोंडावर येते. नटाला हात लावण्याआधी त्याने चाकावर व दांड्यावर खडूची एक सरळ रेघ ओढून घेतली, म्हणजे परत बसविताना चाक वाकडे बसावयाचे नाही. आवरण उघडले, आणि मी जी दांडी रात्री धरून बसलो होतो तिच्या मुळाशी असलेला स्विच दिसला. त्याचा एक कोपरा तपकिरी होऊन मेणासारखा ओघळला होता.

काकांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "फक्त हेडलाईटची पत्ती गेली आहे. बाकी सगळा स्विच ठणठणीत आहे. पत्ती घासतो, आतली स्प्रिंग बदलतो, जळलेल्या कपलरची टोके नवी लावतो. संध्याकाळी गाडी घेऊन जा, गुरुजी."

"काका, हा स्विच परत लावायचा नाही," पुतण्या म्हणाला. "प्लॅस्टिक ओघळलं म्हणजे पत्तीची बैठक गेली. आज घासून चालेल, पण दाब पूर्वीसारखा येणार नाही. दाब कमी म्हणजे रोध जास्त, रोध जास्त म्हणजे पुन्हा उष्णता. गुरुजींना पुन्हा घाटात दांडी धरून बसवायचं आहे का?"

"अरे, दांडी धरली म्हणून उजेड मिळाला ना? का मिळाला ते सांग बघू."

"इशाऱ्याचा संपर्क वेगळा असतो. त्याला वीज वेगळ्या मार्गाने येते."

"मग तेच म्हणतो मी. एक वाट खचली तर अख्खा घाट बंद करत नाहीत."

या उपमेत जोर होता. तथापि पुतण्या डगमगला नाही. तो म्हणाला, "घाटाचंच उदाहरण घेऊ. आजोबा सांगायचे ना, रेल्वेची उतरणारी गाडी कॅच सायडिंगपाशी आधी थांबवतात. काटा मुद्दाम चढाच्या आडमार्गाकडे लावून ठेवलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खातरजमा झाली, म्हणजेच मुख्य मार्ग मिळतो. ड्रायव्हर अनुभवी आहे, इंजिन कालच तपासलं आहे, यातलं काही तिथं चालत नाही. सदतीस फुटांना एक फूट उतार आहे, काका. १८६३ साली तो मार्ग सुरू झाला, आणि तिथं कोणाच्याही भरवशावर गाडी सोडत नाहीत."

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डागडुजीचा कैवार घेणारा मनुष्य जुन्या वळणाचा आणि नव्या भागाचा आग्रह धरणारा उधळ्या, असा आपला एक समज होऊन बसला आहे. पण या पोराच्या आग्रहाच्या मुळाशी उधळेपणा मुळीच नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर घाटात माझ्या गाडीच्या मागे आणि समोर असणारी माणसे होती, ज्यांनी माझ्या दुरुस्तीला कधी संमती दिलेली नसते. घरातला मिक्सर वा पाण्याची मोटर डागडुजी करून चालविणे हा मालकाचा स्वतःपुरता व्यवहार आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरची वस्तू मात्र मालकाच्या एकट्याच्या मालकीची राहत नाही.

काकांनी हरकत घेतली ती निराळ्याच बाजूने. बाजारातून मागविलेला नवा स्विच तोवर एका पोराने आणून दिला होता. खोके चकचकीत, वर छापील नाव, आत पारदर्शक पिशवी. काकांनी कपाटातून जुन्या स्पीकरचा काळा लोहचुंबक काढला, नव्या स्विचच्या मागील पिवळ्याधमक टोकांना लावला आणि हात सोडला. चुंबक तेथेच चिकटून राहिला.

"पितळ असतं तर चिकटला असता का?" ते म्हणाले. "लोखंडावर मुलामा दिलाय. हा नवा आहे, आणि तुझ्या जळक्या स्विचपेक्षा वाईट आहे. नवं म्हणजे चांगलं असं कोणत्या दप्तरात लिहिलंय?"

पुतण्याने तो स्विच निमूटपणे खोक्यात परत घातला. "हा चालणार नाही. मी लोकल माल म्हणतच नाही. कंपनीचा, पार्ट नंबर जुळवून, पावतीसकट."

"कंपनीचा! बाबा, तूच मला सांगितलेली गोष्ट विसरलास?"

ती गोष्ट अशी, आणि ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या काही लहान गाड्यांत किल्लीचा स्विच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याजवळचाच दुसरा एक विद्युत भाग, इतका सैल होता की किल्लीला जड जुडगा असला किंवा गाडीला धक्का बसला, तर किल्ली चालू स्थितीतून आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे, चाक आणि ब्रेक यांचे यांत्रिक साहाय्य नाहीसे होई, आणि त्याच क्षणी अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसे. २००६ साली त्या स्विचच्या रचनेत बदल करण्यास मंजुरी मिळाली, पण पार्ट नंबर मात्र पूर्वीचाच ठेवला गेला. सबब जुना सदोष स्विच आणि नवा सुधारलेला स्विच कागदोपत्री एकच ठरले. पुढे जॉर्जिया राज्यातील एका तरुणीच्या मृत्यूच्या दाव्यात, तिच्या कुटुंबाच्या वतीने काम करणाऱ्या एका अभियंत्याने तिच्या गाडीतला स्विच आणि दुकानातून विकत आणलेला त्याच नंबरचा स्विच शेजारीशेजारी उघडून पाहिले, तेव्हा आतली खुंटी आणि स्प्रिंग वेगळी असल्याचे उघडकीस आले. २०१४ साली आरंभी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलाविण्यात आल्या, आणि नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

"नंबर तोच, माल वेगळा," काका म्हणाले. "मग तुझ्या नंबरावर मी किती विश्वास ठेवू? तिथं खरं काय ते कुणी शोधलं? ज्यानं उघडून बघितलं त्यानं."

"पण काका, नंबर खोटा ठेवला म्हणून तर ते इतकी वर्षं लपून राहिलं. नंबर बदलला असता तर कोणत्या गाड्यांत जुना आणि कोणत्यात नवा, हे एका दिवसात कळलं असतं. तुम्ही इथं पत्ती घासून देता, त्याचा नंबर काय? उद्या तुम्ही नसलात, गाडी दुसऱ्याच्या हातात गेली, तर आत घासलेली पत्ती आहे हे त्याला कोण सांगणार? तुमची दुरुस्ती म्हणजे त्याच नंबराचा वेगळा माल नव्हे का?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. हातातला जळका स्विच ते अंगठ्याने चाचपीत राहिले. माझ्या मते त्या दिवशीच्या वादातील सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, आणि तो धाकट्याने मांडला. कारण कारागिराचे कौशल्य कितीही थोर असले तरी त्याची नोंद वस्तूवर राहत नाही, आणि त्याच्या हाताबरोबर ती जाते.

परंतु वादाचा निकाल अजून लागावयाचा होता. काकांनी स्विच बाकावर ठेवला, बारीक पेचकसाने त्याच्या कडेची खिटी दाबली आणि तो उघडला. आतले ग्रीस काजळासारखे काळे पडले होते. हेडलाईटची तांब्याची पत्ती मध्यभागी खचून तिला उंदराने कुरतडल्यासारखा खड्डा पडला होता, आणि तिच्याखालची इवलीशी स्प्रिंग तापून निळी पडली होती. काकांनी ती नखाने दाबली तर ती दबलेलीच राहिली. शेजारच्या इंडिकेटरच्या आणि इशाऱ्याच्या पत्त्या मात्र कोऱ्या नाण्यासारख्या लखलखीत होत्या.

"आता सांग," काका म्हणाले, "हीच एक का जळली? बाकीच्या का नाही?"

"तिच्यातून सर्वांत जास्त करंट जातो."

"किती?"

पुतण्या समोर गेला, हेडलाईटमागचे रबर काढून त्याने बल्ब बाहेर ओढला आणि त्यावरची अक्षरे वाचली. मग माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, हे बल्ब केव्हा बदलले?"

मीच बदलून घेतले होते, गेल्या दिवाळीत. घाटात उजेड कमी पडतो अशी चालकाची तक्रार होती, आणि साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वदचे बसवून घ्या असा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. पुतण्याने हिशेब तेथल्या तेथे मांडला: पंचावन्नचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टला सुमारे नऊ अँपिअर, नव्वदचे दोन म्हणजे १८० वॅट, पंधरा अँपिअर. संपर्कात उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तिचे मान अडीच पटींहून अधिक झाले. "आणि धुक्यात त्याचा उपयोगही नाही," तो म्हणाला. "जास्त उजेड टाकला की धुकंच पांढरं होऊन डोळ्यांवर परत येतं."

"म्हणजे कंपनीचा अस्सल स्विच आणून तू आज बसवला असतास," काका शांतपणे म्हणाले, "तर तोही पुढच्या आषाढात असाच ओघळला असता. पार्ट नंबर अस्सल, पावती अस्सल, आणि स्विच राख. मी उघडला म्हणून कळलं."

यावर पुतण्याने वाद घातला नाही. आणि हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण आहे असे मी समजतो. तो एवढेच म्हणाला, "बरोबर आहे. मग बल्ब मूळचे बसवू, स्विच अस्सल बसवू, आणि हेडलाईटला रिले देऊ."

रिले म्हणजे काय हे मी विचारले. उत्तर काकांनी दिले, आणि ते मावळच्या मनुष्यालाच सुचावे असे होते. "गुरुजी, वलवणचं पाणी खोपोलीच्या वीजघरात जातं ना? पाचशे मीटरांच्या वरून एवढाल्या नळांतून खाली पडतं. ते पाणी कुणी हातानं अडवतं का? माणूस नुसतं चाक फिरवतो, दार उघडतं, आणि पाणी आपल्या वाटेनं जातं. तुमच्या गाडीत काय होतं, तर सगळं पाणी त्या माणसाच्या मुठीतून चाललं होतं. रिले बसवला की बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार वेगळी. स्विचनं फक्त दार उघडायचं. त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही."

लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून त्यावर निर्माण झालेली वीज १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, हे मी शाळेत मुलांना अनेक वर्षे शिकविले. पण एवढी मोठी शक्ती लहानशा हालचालीने ताब्यात ठेवावयाची तर शक्तीची वाट आणि आज्ञेची वाट वेगळी असावी लागते, हा त्या योजनेतला साधा धडा मला त्या गॅरेजात मिळाला. तळहातावर मावणारी काळी डबी, तिच्यात तारेचे एक वेटोळे आणि एक दणकट संपर्क, एवढाच तो पसारा. नवे दिवे, भोंगे, गाणी लावण्याची यंत्रे असे एकेक ओझे जुन्या तारांवर चढविताना ही डबी वगळली जाते, आणि मग दोष स्विचच्या माथी येतो.

अस्सल स्विच चिंचवडहून यावयास दोन दिवस लागले. त्या मुदतीत गाडी उभी राहिली, फुले दुसऱ्याच्या गाडीने गेली आणि भाड्याचा भुर्दंड पडला. काकांनी एकदाच, आवाज न चढविता, "घासून दिला असता तर परवाच गेली असती," असे म्हटले. तेही खोटे नव्हते. ज्याची भाकरी त्या गाडीवर आहे त्याला दोन दिवसांची किंमत कारखान्यातल्या माणसापेक्षा अधिक कळते, आणि दुर्गम ठिकाणी, रात्री, भर पावसात काकांसारखा मनुष्य आणि त्याचा जुन्या पत्त्यांचा डबा भेटला तर तेथे पार्ट नंबर विचारीत बसणे हा मूर्खपणा होईल. मात्र तशी दुरुस्ती तूर्तातूर्त, घरी पोहोचण्यापुरती मानावी, आणि ती तशी आहे हे गाडी घेणाऱ्या पुढच्या माणसालाही सांगावे, असे माझे मत झाले आहे. पुतण्याला हे पटले. काकांना अर्धेच पटले. घासलेल्या पत्तीवर दहा-दहा वर्षे चाललेल्या गाड्यांची नावनिशी त्यांना तोंडपाठ आहे.

स्विच आल्यावर चुंबक पुन्हा निघाला. तो घसरून खाली पडला, तेव्हा काकांनी मान डोलावली. पुतण्याने स्विच बसवला, कपलरची जळकी टोके कापून नवी दाबून बसविली, आणि चाक लावण्यापूर्वी इंडिकेटर आपोआप परत आणणाऱ्या कडीची खाच नीट जुळवून घेतली. ती चुकली तर वळण संपले तरी इंडिकेटर लागलेलाच राहतो आणि मागचा मनुष्य फसतो. ज्या गाड्यांत एअरबॅग असते तेथे याच जागी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी असते, आणि ती मध्यावर न राखता फिरवली तर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. अशा गाडीच्या चाकाला शिकल्यावाचून हात लावू नये, हे त्याने मला दोनदा बजावले. मग खडूच्या रेघेला रेघ जुळली. काकांनी रिलेला चांगले अर्थिंग मिळावे म्हणून चेसिसवरचा रंग खरवडून काढला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या पावसात निम्मे बिघाड स्विचमध्ये नसतात, गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतात. जळका स्विच पुतण्याने फेकला नाही. त्यावर तारीख आणि बल्बचे वॅट लिहून तो कपाटात, चुंबकाशेजारी ठेवला.

शेवटी काकांनी गाडी चालू करून हेडलाईट लावले, आणि अर्धा तास कोणालाही ते विझवू दिले नाहीत. मग स्टिअरिंगखालच्या आवरणावर तळहात ठेवून ते म्हणाले, "यंत्र राहू दे. दर खेपेला इथं हात लावून बघत जा, गुरुजी. कोमट लागलं तरी दुसऱ्या दिवशी इकडं या."

त्या रात्री आम्ही पुन्हा फुले घेऊन निघालो. घाटाची वाट ज्याने दाखविली असे परंपरा सांगते, त्या शिंग्रोबाच्या देवळापाशी चालकाने नेहमीप्रमाणे गाडी थांबविली आणि उतरून नाणे ठेवले. दिवे चालूच होते. धुक्यात त्यांचा झोत फार दूर जात नव्हता, पण स्थिर होता. मी आसनावरून कलून आवरणावर तळहात टेकविला. ते बाहेरच्या पावसाइतकेच गार होते.